रोज एक गोळी

मंगळवारी अकराच्या सुमारास उज्ज्वला बोरसेला ती नोंद दिसली. दवाखान्याच्या संगणकातल्या औषधांच्या नोंदी वाचायच्या आणि कुठल्या औषधाने कुणाला अपाय झाला ते शोधायचं, हे तिचं काम. दर सोमवारी नव्या नोंदी यायच्या. नावं, फोन, घराचे पत्ते आधीच काढलेले असायचे, उरायचे फक्त नंबर, वय आणि वस्ती. नंबर ४१८६ : बाई, वय चोपन्न, राहणार लिंबायत, संधिवात. औषध मेथोट्रेक्सेट. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. नोंदीत होतं, रोज एक, तीस दिवस. आणि ते लिहून दिल्याला नऊ दिवस झाले होते.

उज्ज्वला फार्मसी शिकलेली होती. ही गोळी रोज पोटात गेली तर अंगात नवं रक्त तयार होणंच थांबतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती धावतच डॉ. ललित वशींकडे गेली. नोंदींचा हा अभ्यास त्यांच्या हाताखाली चालला होता. नोंद पाहून त्यांचा चेहरा उतरला. पण कुठला नंबर कुणाचा, याची यादी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीच्या ताब्यात होती आणि समितीचे सचिव शुक्रवारपर्यंत अहमदाबादला होते. वशींनी फोन केले, मेल केला.

"नावं न उघडण्याचा नियम रुग्णांच्या भल्यासाठीच आहे, उज्ज्वला," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत वाट पाहू."

"नऊ गोळ्या गेल्यात सर. आज दहावी जाईल."

तरी ती चार वाजेपर्यंत बसून राहिली. ते पाच तास पुढे तिला कधीच विसरता आले नाहीत.

चारला ती खाली औषधाच्या खिडकीवर गेली. तिथल्या पार्वतीबेनकडे कुणाला काय दिलं याचं रजिस्टर असायचं. ते दाखवणं नियमात बसत नव्हतं. उज्ज्वलाने सगळं सांगितलं. माझं नाव यात येईल का, एवढंच पार्वतीबेनने विचारलं. येईल, असं उज्ज्वला म्हणाली. पार्वतीबेनने रजिस्टर उघडून स्वतःच वाचून दाखवलं. मंगलाबाई भाईदास कोळी, लिंबायत, पाण्याच्या टाकीमागे.

रजिस्टरमधला फोन बंद होता. उज्ज्वला रिक्षाने निघाली. लहानपण लिंबायतमध्येच गेलेलं, पण टाकीमागे गल्लीला गल्ली लागून होती. गिरणीवाल्याने एक मंगलाबाई दाखवली, किराणावाल्याने दुसरी. दोघी ठणठणीत होत्या. सात वाजता एका बाईने विचारलं, जिचं तोंड आलंय ती का?

खोलीत मंगलाबाई जमिनीवर पडली होती. ओठ फुटलेले, हिरड्यांतून रक्त, दंडावर जांभळे डाग. कापडाच्या लूमवरून नुकताच आलेला तिचा नवरा भाईदास तिच्या उशाशी बसून चमच्यात गोळी चुरत होता. तिला आता अख्खी गिळता येत नव्हती. उज्ज्वलाने चमचा त्याच्या हातातून काढून घेतला.

त्याच संध्याकाळी मंगलाबाईला भरती केलं. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली, रक्त चढवलं. ताप उतरेना. वशी घरी जातच नव्हते; एकदा जिन्यात गाठून ते उज्ज्वलाला म्हणाले, की मी अकरालाच खाली जाऊन रजिस्टर बघायला हवं होतं. शुक्रवारी सचिव आले, यादी उघडली. सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्यावर तशाच आणखी दोन निघाल्या. दोघींना फोन करून गोळ्या थांबवल्या. त्याला एक तासही लागला नाही.

रविवारी पहाटे मंगलाबाई गेली.

चौकशी संपेपर्यंत घरच्यांशी एक अक्षर बोलायचं नाही, अशी ताकीद उज्ज्वलाला दवाखान्याकडून मिळाली होती. भाईदास बाकावर कागदांची वाट पाहत बसला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यानेच तोंड उघडलं.

"पोरी, मी एक दिन बी खाडा पडू दिधा नही. मंग हाई कसं व्हयनं?"

तिला रडू आलं, पण तिने सांगितलं. ती गोळी रोजची नव्हतीच. आठवड्यातून एकदा घ्यायची होती. कागदावर चुकीचं लिहिलं गेलं. चूक दवाखान्याची, तुमची नाही.

 भाईदास समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "चौथा दिनले ती नको म्हने. मीच दिधी तिले."

 त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. सगळं इंग्रजीत छापलेलं होतं. कुठे लिहिलंय ते दाखव, असं तो म्हणाला. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने तिचं बोट हलकेच बाजूला सारलं आणि तिथे आपलं ठेवलं. आतून कुणीतरी त्याचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तरी त्याने बोट उचललं नाही.