काहिलीतला सत्कार

कारगिलच्या साली दिवाळी सरली आणि मच्छिंद्र गोदावरीत उतरला. फौजेतून येऊन त्याला दहा वर्षं झाली होती, अंकुशनगरच्या कारखान्यावर तो वॉचमन होता. शहागडच्या पुलाखालून निघायचं आणि वीस किलोमीटर खालच्या घाटाला लागायचं, असं ठरलं होतं. कशासाठी, तर पाय गेलेल्या तीन फौजींसाठी. जालन्याच्या एका बियाणेवाल्या शेठनं चारचौघांत शब्द दिला होता, "काठाला न टेकता, कुणाचा हात न लागता पोहून दाखव. तिघांचे नकली पाय माझ्याकडून."

तिघांतला एक वसंता. सुरुंगावर त्याचा डावा पाय गेला होता. सकाळपासून तो कुबड्या घेऊन खालच्या घाटावर बसला होता.

शेठनं पंच म्हणून कमरोद्दीन मास्तरांना होडीत बसवलं होतं. आयुष्यभर पोरांची कवायत घेतलेला माणूस, गळ्यात अजून शिट्टी. गुळाचं पाणी द्यायचं तर काठीला तांब्या बांधून लांबूनच पुढं करायचे. "तांब्याला हात लाव, मला न्हाई. नियम म्हंजे नियम."

सहा तास झाले. मच्छिंद्रच्या खांद्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. शेवटचं वळण आलं आणि काठावर हलगी वाजली.

ते तातेरावचं गाव. तातेराव या कार्यक्रमाचा अध्यक्ष. पण खालच्या घाटावर पहिला हार आमदार घालणार, ही गोष्ट त्याला चार दिवसांपासून सलत होती.

"मच्छिंद्र, बाहेर ये! दोन मिंटं! शाल घेऊन जा!"

"खाली घेतो, अध्यक्षसाहेब."

"खाली आमचं कोण विचारून राह्यलंय? गावाचा मान हाय!"

मच्छिंद्र थांबला नाही. मग तातेरावनं गुऱ्हाळातली रस कढवायची परातीसारखी रुंद काहील पाण्यात लोटली. दोन गडी ती ढकलायला, आत धोतराचा सोगा धरून तातेराव, काखेत शाल, हातात झेंडूचा हार, आणि मागं भेदरलेला फोटोवाला. काहील गिरक्या खात मच्छिंद्रच्या वाटेत आली.

"लांब व्हा, तातेराव!" मास्तर ओरडले. "हात लागला तर सगळं बाद!"

"हार घालायला काय होतं? हाराला हाडं असतात काय?"

तो वाकला. काहील कलली. तातेरावनं हार सोडला आणि मच्छिंद्रची मान दोन्ही हातांनी कवळली. भिजलेली शाल मच्छिंद्रच्या तोंडावर बसली. नाकात पाणी, तोंडात झेंडू. कसाबसा वर येऊन त्यानं अध्यक्षाला काहिलीच्या कडेला चिकटवलं.

शिट्टी वाजली. मास्तरांनी ती वाजवली खरी, पण मान खाली घातली. घाटाचा झेंडा तिथून दिसत होता.

मच्छिंद्र तरी पोहत खाली गेला. बाहेर आला तेव्हा तातेराव जीपनं त्याच्या आधी पोहोचला होता. ओल्या धोतरावर दुसरी कोरडी शाल, गळ्यात नवा हार, हातात माइक. "बुडत्या जवानाला आम्ही स्वतः पाण्यात उतरून..." तो बोलत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत काहील ढकलणारे दोघंही होते.

मच्छिंद्र बाजूला जाऊन थुंकला. झेंडूची पाकळी निघाली, कडू चव काही जाईना.

वसंता कुबड्या टेकत जवळ आला. "बाद झालं म्हणं?"

"झालं."

मास्तर म्हणाले, "शेठला आत्ताच एसटीडी बूथवरनं फोन लावला. पुन्हा पुलापासून पोहलास तर शब्द कायम हाय म्हणतो."

तातेरावच्या कानावर ते गेलं. माइकवर हात ठेवून तो स्टेजवरून खाली वाकला. "वा! पुढल्या महिन्यात घेऊ. मोठा मंडप टाकू, मंत्र्याची तारीख..."

मच्छिंद्रनं त्याच्याकडं पाहिलं. चिखलात पडलेल्या जिन्नसाकडं पाहावं तसं.

"मास्तर, परवा सकाळी. होडी, तुम्ही अन् तांब्या. चौथं काही नको."

"चौथा मी," वसंता म्हणाला. "होडीत बसतो. काहील दिसली की कुबडी हाणतो."

मागं पुन्हा टाळ्या झाल्या. मच्छिंद्रनं चूळ भरली आणि त्या आवाजाकडं पाठ करून कपडे घातले.