काळ्या चौकटीतला व्लायको

सहाव्यांदा व्लायको छपरावरून पडला. खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत त्याची पाठ रुतली, तोवर हुकूम आला की पुन्हा एकदा. छपराच्या कडेला त्याचा जुळा भाऊ रादको सिगारेट ओढत उभा होता. ढकलायचं काम त्याचं, आणि ते तो मनापासून करत होता.

सोफियाजवळच्या त्या स्टुडिओत माणसाची हुबेहूब प्रत काढण्यावरच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. जुळे मिळाले तर निम्मी कटकट वाचते, म्हणून दोघा भावांना घेतलेलं. व्लायको झाला मूळ माणूस, रादको झाला प्रत. गोष्टीत प्रत मूळ माणसाला छपरावरून लोटते, त्याच्या घरी जाऊन जेवायला बसते आणि घरात कोणाला काही कळत नाही. त्यासाठी व्लायकोची वीस वर्षांची दाढी पहिल्याच दिवशी उतरवली. आरशात रादको दिसला तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, की गोष्ट काही पटत नाही. बाकीच्यांचं सोडा, आईला तरी कळेलच की.

"आपल्या आईला?" रादको हसला. "वीस वर्षं तिची लाकडं फोडतोयस, चुलीतली राख काढतोयस. मी ईस्टरला एकदा जातो, लाल अंडी खायला. निळा कप कुणासाठी निघतो रे?"

व्लायको पावाचे तुकडे करत राहिला. पिकतं तिथे विकत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आईच्या कपाटात वरच्या फळीवर तो कप होता. दर शनिवारी व्लायकोच तो पुसून ठेवायचा. त्यातून चहा मात्र त्याला कधी मिळाला नव्हता.

शेवटच्या प्रसंगासाठी कलाविभागातल्या मिल्काने मूळ माणसाच्या मृत्यूचे कागद छापले होते. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव. तिकडे माणूस गेला की असे कागद फाटकावर, झाडांवर, बसथांब्यावर लागतात. लागलेला कागद कोणी फाडत नाही, तो ऊनपावसानेच गळायचा. व्लायकोने मिल्काला विचारलं, एक माझ्या नावाचा छापशील का, गंमत म्हणून. तिने छापून दिला. नव्या, गुळगुळीत चेहऱ्याखाली व्लायको स्तामेनोव, वय त्रेचाळीस.

रविवारी पहिल्या बसने तो गावी गेला, आईच्या फाटकावर कागद चिकटवला आणि लाकडांच्या खोपटात जाऊन उभा राहिला. त्याला एकच गोष्ट हवी होती. आई आपल्यासाठी रडते का, ते एकदा कानांनी ऐकायचं होतं. मग बाहेर यायचं, तिच्या पाया पडायचं, दोन थपडा खायच्या. एवढाच त्याचा बेत.

आई कोंबड्यांना दाणे टाकायला आली आणि फाटकापाशी थबकली. फोटो दिसताच तिने अशी किंकाळी फोडली की शेजारची गिन्का हातातली बादली टाकून धावत आली. आई फाटकाचे गज धरून खाली बसली होती. रादको, माझ्या रादको, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गिन्काने चष्मा लावला.

"स्तोयना, अगं नीट बघ. रादको नाहीये. व्लायको लिहिलंय."

आईने बोट ठेवून अक्षरं वाचली. दोनदा वाचली. मग छातीवर क्रूसाची खूण केली.

"देवा, तुझे उपकार," ती म्हणाली. डोक्याला बांधलेल्या फडक्याचं टोक ओढून तिने डोळे पुसले. "पण आता लाकडं कोण फोडणार गं?"

व्लायको खोपटातून बाहेर आला. शिव्या द्याव्यात की तसंच निघून जावं, हे त्याचं ठरलं नव्हतं. आई धडपडत उठली, त्याच्यापाशी आली आणि त्याच्या दाढी नसलेल्या गालांवर दोन्ही हात ठेवले. असे हात त्याच्या तोंडावरून आजवर फिरले नव्हते.

"आलास तू. कळलं ना रे? व्लायको गेला आपला."

त्याने फाटकाकडे पाहिलं. खळ अजून ओलीच होती. हाताने ओढला असता तर कागद सहज निघाला असता.

"कळलं, आई," तो म्हणाला.

तिने त्याला घरात नेलं, चुलीजवळ बसवलं आणि निळा कप खाली काढला. लिंडनच्या फुलांचा चहा, वर चमचाभर मध. व्लायको कसा गेला, कुठे गेला, काही विचारलं नाही. चूल विझत आली होती. सवयीने तो उठू लागला, म्हणाला की दोन लाकडं फोडून आणतो.

"तू नको रे. तुझे हात मऊ, फोड येतील," असं म्हणत तिने त्याचा हात धरला आणि तळवा उलटा केला.

कुऱ्हाडीने वीस वर्षांत पाडलेल्या घट्ट्यांवरून तिचा अंगठा फिरला आणि थांबला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तिने हात सोडला आणि कपात आणखी चहा ओतला.

"घे, रादको," ती म्हणाली.