बाबांच्या उकळीत कच्चं अंडं

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेचं भांडं. बाबांनी चिमूटभर पांढरी पूड सोडली आणि गार पाणी खदखदू लागलं. खाली ना चूल, ना शेगडी. माना आपोआप झुकल्या.

"अग्नी माझ्या बोटांत आहे," बाबा म्हणाले. "माउल्यांनो, पातेल्यापाशी कशाला झिजता? हे उकळलेलं पाणी न्या, त्यात पावडरीचं दूध कालवा, बाळाच्या तोंडी द्या. बाकी माझ्यावर सोडा."

शेवटच्या रांगेत एक बाळंतीण भिंतीला टेकून उभी होती. बाळंतपणानंतरच्या औषधांमुळे तिला अंगावर पाजणं बंद करावं लागलं आणि बाळ बाटलीवर आलं. आता ते जुलाबांनी सुकून दवाखान्यात सलाइनवर होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "पाणी उकळता ना?" सासूबाई म्हणाल्या, "बाबांकडून उकळलेलंच आणते की." बाटलीत बाबांचं पाणी जातं, हे तेव्हा कुठे तिला कळलं. नवऱ्याला बाळाच्या उशाशी बसवून ती सासूबाईंसोबत इथं आली होती. वाटेत वाण्याकडून एक अंडं घेतलं होतं.

ती मंचावर चढली.

"बाबा, एवढं उकडून द्या."

"बाई, ही खाणावळ आहे का?"

"पाणी उकळतंय म्हणता ना? मग उकडेल की." तिनं अंडं भांड्यात सोडलं. "टाका पूड. हवी तेवढी टाका."

बाबांनी टाकली. पाणी फसफसलं, निवलं. पुन्हा टाकली. बराच वेळ हा खेळ चालला. शेवटी तिनं अंडं काढून भांड्याच्या काठावर फोडलं. पिवळा बलक बाबांच्या रेशमी उपरण्यावर ओघळला.

"श्रद्धा नसेल तर शिजत नाही," बाबा पुटपुटले.

तिनं पाण्यात बोट बुडवून चाटलं. "गारढोण. आणि आंबट. आधी लिंबूसत्व विरघळवलंय, वरून खायचा सोडा. यानं बुडबुडे येतात, आच येत नाही. जंतू मजेत राहतात."

अर्धे लोक उठले. अर्धे बसूनच राहिले. त्यांच्याशी भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं.

जिन्यात सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "गुडघे उभं राहू देत नाहीत गं. वाटलं, कुणीतरी आपलं काम हलकं करतंय."

"मलाही उभं राहवत नाही, आई."

बाळ घरी आलं तेव्हा सासूबाईंनी ओट्यापाशी उंच स्टूल ओढलं. हात धुतले. बाटली-बूच धुऊन उकळून घेतली. पाणी खळखळ उकळलं. ते चांगलं गरम असतानाच डब्यावर लिहिलेल्या मापानं पावडर घातली, कारण डब्यातल्या पावडरीतही जंतू असू शकतात आणि ते कढत पाण्यानंच मरतात. मग बंद बाटली नळाखाली धरून निववली, थेंब मनगटावर घेऊन पाहिला. बाळानं बाटलीत उरवलेलं दूध मोरीत ओतलं.

"तू पड जरा," त्या म्हणाल्या. "पुढची बाटली मीच करते."

थकलेल्या माणसाला चमत्कार गोड लागतो, आणि भोंदूंचं दुकान त्या थकव्यावरच चालतं. म्हणून घरात थकलेल्या बाईचं काम वाटून घ्या. आणि कुणी बिनआगीची उकळी दाखवली, तर हात जोडण्याआधी तिच्यात एक अंडं सोडा.