फाटकासमोरून पुढे

प्लास्टरमामांचं खरं नाव आता फक्त कागदपत्रांत उरलं होतं. चौकातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. आसपासच्या निम्म्या घरांत कुणाच्या ना कुणाच्या हाडाला त्यांचा हात लागलेला होता. ज्यांचं काही मोडलं नव्हतं, त्यांनाही कधी मोडलंच तर मामा आहेत, असा दिलासा होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी फाटकावरचा रखवालदार त्यांना बघून अजून सलाम ठोकायचा, आणि तो घेण्यासाठी मामा भाजी आणायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचे.

अडचण एवढीच की लोक हाडांपाशी थांबत नसत. दात ठणकला, डोळे आले, कानात किडा गेला, तरी आधी मामांना विचारायचं. मामांचं उत्तर ठरलेलं असायचं. "कुठे म्हणजे काय? आपल्याकडे जा. माझं नाव सांग." त्यांच्या लेखी जगात हॉस्पिटल एकच होतं, बाकीच्या इमारतींवर कुणीतरी उगाच पाट्या लावून ठेवल्या होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलांचं हॉस्पिटल होतं, त्याच्या भिंतींवर जिराफ रंगवलेले. त्याला मामा खेळण्यांचं दुकान म्हणायचे.

अशा माणसाच्या घरात सून आली, ती गिऱ्हाईक परत पाठवणारी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर ती मनगटी घड्याळं, रिमोट, स्वयंपाकघरातले छोटे वजनकाटे दुरुस्त करायची. हात असा की डोळ्याला न दिसणारा स्क्रू तिच्या चिमट्यात आपणहून येऊन बसायचा. पण वस्तू उघडायच्या आधी ती दोन प्रश्न विचारायची आणि काम आपलं नसेल तर सरळ सांगायची, "हे माझं नाही. पुलाजवळ एक म्हातारे बसतात, त्यांच्याकडे न्या. मी उघडलं तर बिघडवीन." मामांना हे ऐकवत नसे. दारात आलेल्या माणसाला दुसऱ्याचा पत्ता द्यायचा, म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापायचं, असं त्यांचं मत. ते मत ते जेवताना आमटीबरोबर वाढत. सून ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणालातरी पुलाकडे धाडायची.

त्या दिवशी दुपारी मुलगा कामावर होता. त्याच्या कारखान्यात पाळी संपेपर्यंत फोन कपाटात ठेवावे लागत, म्हणजे तो असून नसल्यासारखाच. घरात मामा, सून आणि सव्वादोन वर्षांची नात. नातीला सगळे ठकी म्हणायचे, कारण ती एका जागी बाहुलीसारखी बसायची आणि तुमची पाठ वळली की हवं ते उचलून न्यायची.

पावणेचारला सून टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "बाबा, इथलं डब्याचं झाकण कुठे गेलं, सेल ठेवलेलं?"

"ते होय? खाली स्टुलावर ठेवलंय. टेबलाच्या अगदी कडेला होतं, पडलं असतं."

त्यांच्या स्वरात कौतुकाची अपेक्षा होती. प्लास्टर रूममध्ये सामानाचा ट्रे नेहमी बुटक्या स्टुलावर, गुडघ्याच्या उंचीवर ठेवायचा असतो. रुग्णाचा पाय धरून बसलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. एकतीस वर्षांची सवय ती. हातात काहीही आलं की मामा बुटकं स्टूल शोधायचे. गुडघ्याच्या उंचीवर घरात आणखी कोण वावरतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सुनेने झाकण उचललं. सकाळपासून तिने चार वजनकाट्यांतले जुने सेल काढून त्यात टाकले होते, मोठ्या बटणाएवढे, चपटे. आता तीनच होते. ठकी कोपऱ्यात बसली होती. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तोंड फिरवलं.

सून क्षणभर पांढरीफटक पडली. मग खाली बसून तिने लेकीचं तोंड उघडून बघितलं, स्टुलाखाली हात फिरवला, गादी झटकली. चौथा सेल कुठेच नव्हता.

"गिळला असेल तर पोटातून जाईल गं," मामा म्हणाले. "मुलं नाणी गिळतात. केळं भरव. आणि संपलेलाच सेल ना? त्यात उरलंय काय आता?"

"काट्यापुरता संपलाय बाबा. ओलं लागलं की अजून जाळतो तो. घशाखाली अडकला असेल तर आतून भोक पाडेल. केळं नको. काहीच देऊ नका."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मामा ताडकन उठले. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "मग चल. आपल्याकडे सहा मिनिटांत पोचतो."

"एक मिनिट," ती म्हणाली आणि तिने फोन उचलला.

मामांना वाटलं, पोरगी घाबरून गेली. घरात लेकराची ही गत आणि ही फोन लावते. पण तिने फोन लावला तो त्यांच्याच हॉस्पिटलला. आवाज मोठा ठेवला होता. पलीकडचा स्वागतकक्षातला माणूस मामांच्या हाताखाली शिकलेला.

"मामांची सून ना? या की. बघू आपण."

"बघू म्हणजे कोण बघणार?"

"म्हणजे... ड्यूटीवर जे असतील ते डॉक्टर."

"सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या अन्ननलिकेतून सेल काढणारं कुणी आत्ता तिथे आहे का?"

तो माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "एक्स-रे काढू. मग लागलं तर पुढे पाठवू, ताई."

मामांना भर बाजारात धोतर सुटल्यासारखं झालं. पण तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठकीच्या लसीकरणाच्या कार्डावर मुलांच्या हॉस्पिटलचा नंबर होता, तो लावून ती पुन्हा तोच प्रश्न विचारत होती, अगदी त्याच शब्दांत.

"आहेत," तिकडून एक नर्स म्हणाली. "दुर्बीण घालून काढणारे डॉक्टर आहेत आणि लहान मुलांना भूल देणारेही आहेत. श्वास नीट चाललाय ना? ओठ निळे नाहीत? मग थेट इकडे या. वाटेत श्वासाला त्रास झाला तर मात्र जे पहिलं हॉस्पिटल लागेल त्यात शिरा. सेल कोणता आहे?"

सुनेने उरलेल्या सेलवरचा नंबर वाचून सांगितला.

"कधी गिळला?"

इथे मात्र सून अडखळली. ती दोन वाजता जिन्याखाली गिऱ्हाइकाला काटा द्यायला गेली होती, मग कपडे वाळत घालायला. मधल्या पावणेदोन तासांत केव्हाही झालं असेल, असं ती म्हणाली.

मामांना कळत होतं की ते गप्प राहिले तर त्यांना कुणी विचारणार नाही. मान खाली घालून ते फोनजवळ आले. "तीननंतर," ते म्हणाले. "झाकण मीच खाली ठेवलं. रेडिओवर तीनच्या बातम्या लागल्या तेव्हा. त्याआधी ते तिच्या हाताला लागणं शक्य नाही."

सुनेने त्यांच्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत राग असता तर मामांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे फार तर पाऊण तास. हे कळलं ते फार चांगलं झालं," नर्स म्हणाली. "घरात मध आहे? मुलगी वर्षाच्या वर आहे, गिळू शकत असेल तर दोन चमचे द्या आणि वाटेत दर दहा मिनिटांनी तेवढाच. बाकी पाणीसुद्धा नाही. मधासाठी थांबू नका, निघा."

गल्लीतला टॅक्सीवाला घरीच होता. त्याचं नडगीचं हाड मामांनीच दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवलं होतं, त्यामुळे तो जेवता जेवता हात धुऊन उठला. मागे सून ठकीला सरळ बसवून धरून, शेजारी मामा मधाची बाटली आणि चमचा घेऊन. ज्या हातांनी मोडके पाय न दुखवता उचलले, त्या हातांनी मध भरला. पहिला चमचा ठकीच्या फ्रॉकवर सांडला. दुसरा तिने कुरकुरत गिळला.

चौक आला. समोर मोठं हॉस्पिटल, रुंद फाटक, आत जाणाऱ्या येणाऱ्या गाड्या. टॅक्सीवाल्याला काही सांगायची गरजच नव्हती. त्याने आपणहून वळण्याचा दिवा लावला आणि गाडी फाटकाकडे घेतली. रखवालदाराने मामांना ओळखलं, आडवा दांडा वर केला आणि सलाम ठोकला.

"अहो, इथे नाही," सून पुढे वाकून म्हणाली. "सरळ जायचंय. मुलांच्या हॉस्पिटलला."

टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं, तिच्याकडे नव्हे, मामांकडे. "मामा? दारात आलोय. तिकडे अजून वीस मिनिटं लागतील."

तेवढ्यात ठकीने ओकारी काढली. थोडी लाळ आणि मध बाहेर आला आणि ती रडायला लागली.

मामांच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं, ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. समोर त्यांचं सगळं आयुष्य दांडा वर करून उभं होतं. आत गेलं की चार ओळखीचे चेहरे धावत येणार, कुणी खुर्ची देणार, कुणी पाठीवर हात ठेवणार. आणि मग एक्स-रे. आणि मग पुढे. आपल्या प्लास्टर रूममध्ये कुणी लहान मूल घसा दाखवायला आणलं असतं, तर आपण काय केलं असतं? मायेने बसवून घेतलं असतं आणि वेळ घालवला असता, दुसरं काय.

त्यांनी ठकीचा हात हातात घेतला. अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. प्लास्टर चढवलं की खालच्या बोटांत रक्त फिरतंय का, हे असंच बघायचं असतं. हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. दाबलेलं नख पांढरं झालं आणि लगेच गुलाबी झालं. ओठ बघितले. छातीवर तळवा ठेवून श्वास मोजले. जोरात रडत होती पोरगी, आणि रडायला श्वास लागतो.

"श्वास चांगला आहे. रंग चांगला आहे," मामा म्हणाले. "सरळ घे."

"मामा, पण..."

"हिने सांगितलं ना सरळ? मग मला काय विचारतोस? घे."

गाडी पुन्हा रस्त्याकडे वळली. मागे रखवालदार दांडा वर धरून तसाच उभा राहिला. मामांनी बाटलीचं झाकण काढलं आणि पुढचा चमचा भरला. या वेळी थेंबही सांडला नाही.

जिराफांच्या दारात नर्स खुर्ची घेऊन उभीच होती. कुणी बसा म्हटलं नाही, बघतो म्हटलं नाही. एक्स-रे चार मिनिटांत झाला. डॉक्टरीणबाई वयाने मामांच्या मुलाएवढ्या असतील. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कडेला दुहेरी गोल दिसतोय ना? नाणं असतं तर एकच असता. सेलच आहे, आणि अन्ननलिकेतच अडकलाय. आत नेतोय तिला."

मग अर्धा तास. सून भिंतीला टेकून उभी होती. मामांनी आयुष्यभर अशा दारांच्या आतल्या बाजूला काम केलं होतं, बाहेरच्या बाजूला भिंत एवढी थंड असते हे त्यांना माहीतच नव्हतं.

"बाबा," सून अचानक म्हणाली, "झाकण मी टेबलावर उघडं ठेवलं होतं. बंद डब्यात ठेवायला हवं होतं."

"आणि मी ते खाली ठेवलं," मामा म्हणाले. "तू माझ्या वाटणीचं उचलू नकोस. पण एक सांगतो. आज आपण माझ्या मनाने चाललो असतो ना, तर पोर अजून तिथेच असती. सगळे तिचे लाड करत बसले असते." त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. "फार शहाणी आहेस तू. मला चार वर्षं कळलं नाही."

सुनेने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्याला टेकली, हे याआधी कधी झालं नव्हतं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या छोट्या वाटीत तो सेल होता, एका बाजूने काळा पडलेला. "निघाला," त्या म्हणाल्या. "आत थोडं भाजलंय, पण वरवर. चार दिवस ठेवून घेऊ, पुन्हा एकदा दुर्बिणीतून बघू, मग घरी. आणखी दोन तास गेले असते तर आपण आत्ता वेगळं बोलत असतो." दोघांचाही जीव भांड्यात पडला. सून बाकावर बसली आणि आवाज न करता रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी कागद उघडला. दिवसभर दमलेल्या होत्या, तरी हसत होत्या. "अशी मुलं आमच्याकडे दोन-तीन ठिकाणी फिरून येतात, तोवर संध्याकाळ झालेली असते. तुम्ही थेट आलात. गिळल्याची वेळ, सेलचा नंबर, मध, मध्ये कुठेही न थांबता. मला हे आमच्या शिकणाऱ्या डॉक्टरांना सांगायचंय." त्यांनी पांढऱ्या केसांकडे, ताठ पाठीकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही या कामातलेच दिसता. तुम्ही ठरवलंत ना इकडे यायचं?"

सून तोंड पुसत होती, ती काही बोलणार नव्हती. मामांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

ते पुढे झाले, सदरा खाली ओढून नीट केला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बाकाकडे हात करून म्हणाले, "हिने ठरवलं. मी हिचा सासरा."