शमिकाच्या कोर्सची तपासणी

आमचे हे सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला. आलेला माल पारखायचा आणि नापास करायचा, हेच काम आयुष्यभर केलेलं. त्यामुळे घरी आणलेली कोथिंबीरसुद्धा आधी उजेडात धरून बघतात. तेव्हा शमिका बी.एस्सी. झाल्यावर तिचा कॉम्प्युटरचा कोर्स निवडायला हे रजा काढून निघाले, याचं मला काही नवल वाटलं नाही. मीही निघाले. बाप-लेकीला एकटं सोडलं असतं तर बसमध्येच अबोला झाला असता.

कारण दोघांची तोंडं दोन दिशांना होती. सत्त्याण्णव साल ते, जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीत ज्याचा त्याचा मुलगा सॉफ्टवेअर शिकून अमेरिकेची स्वप्नं बघत होता. ह्यांनाही मुलगी प्रोग्रॅमर व्हायला हवी होती. शमिकाला मात्र हार्डवेअर शिकायचं होतं. ऑफिसांतले कॉम्प्युटर बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, नेटवर्कच्या वायरी जोडायच्या, असलं काम. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हिंडायला पदवी कशाला लागते, असं हे म्हणून गेले आणि पोरगी त्या रात्री न जेवताच झोपली.

मल्लेश्वरमला सॉफ्टवेअरचे दोन क्लास बघितले. दोन्हीकडे एसी खोली, दाराबाहेर चपलांची रांग, आत मॉनिटरवर कापडी झाकणं. देवघरात शिरावं तसे हे आत शिरले आणि खूश होऊन बाहेर आले. शमिका कुणी विचारलं तर मान डोलवत होती, एवढंच.

तिसरा क्लास तिच्या आवडीचा. आठव्या क्रॉस रस्त्याजवळ, औषधांच्या दुकानाच्या वर. ह्यांनी दारातच बूट काढले.

"बूट घाला सार, स्क्रू टोचतील," शिकवणारे नरसिंह आतून कानडीत म्हणाले.

खोलीत नुसता पंखा, आणि टेबलांवर पोटं उघडी टाकलेले कॉम्प्युटर. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की निकाल लागल्यात जमा.

पण न तपासता नापास करणं ह्यांच्या तत्त्वात बसत नाही. कारखान्यात एखादं मशीन नाकारायचं तरी आधी चालवून बघतात. त्यांनी नरसिंहांकडे एक बंद पडलेला कॉम्प्युटर मागितला आणि शमिकापुढे ठेवायला लावला. घटकाभरात कंटाळेल आणि विषय मिटेल, असा त्यांचा डाव मला स्वच्छ दिसत होता, आणि राग येत होता. जिने कधी पक्कड हातात धरली नाही, तिला असं तोंडघशी पाडायचं?

शमिकाने ओढणी कमरेला खोचली. नरसिंहांनी काय कुठे असतं ते थोडंफार दाखवलं आणि बाजूला झाले. ती एकेक कार्ड काढायची, पुसायची, परत बसवायची, बटण दाबायची. पडदा काळाच. की पुन्हा पहिल्यापासून. जेवणाची वेळ टळली. मी खालून इडल्या आणल्या, तिच्या तशाच गार झाल्या. हे आधी खुर्चीत होते, मग टेबलाशी येऊन उभे राहिले, मग बॅटरीचा उजेड पाडत तिच्या बरोबरीने वाकले. कारखान्यात मशीन अडलं की हेही असेच घरी यायचं विसरतात, आणि मी फोन करून करून थकते. दोघांची वाकलेली डोकी बघून मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

शेवटी नरसिंहांची पुढची बॅच दारात येऊन उभी राहिली. कॉम्प्युटर ढिम्म. शमिकाने हात पुसले. "नाही जमलं," असं पुटपुटत ती ह्यांच्याकडे न बघता ओढणी सोडायला लागली. सगळं हातचं गेलं, हे तिला कळलं होतं. मलाही.

ह्यांनी बॅटरी टेबलावर ठेवली आणि नरसिंहांकडे प्रवेशाचा अर्ज मागितला.

"पण बाबा, चालू कुठे झाला तो?"

"म्हणून तर," हे म्हणाले. "उद्या यायला नको?"