गाडीतला ढावलो

बबिताच्या लग्नाला तीन दिवस राहिले होते आणि गाडी तिच्या दादीचं गाणं वाजवत नव्हती.

गाडी बबिताच्या वडिलांची, हरिसिंगकाकांची. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या हंगामानंतर त्यांनी निम्मं शेत पडीक ठेवलं आणि एक जुनी गाडी घेऊन तांडा ते पुसद सवारी सुरू केली. आधीच्या मालकानं तिला मोठा स्क्रीन बसवून घेतला होता. पेनड्राइव्ह लावून ‘कॉपी’ दाबलं की गाणी गाडीच्या मेमरीत जात. पण दादीच्या, सुखीबाईंच्या गाण्याचं नुसतं नाव दिसायचं, समोर शून्य मिनिटं, शून्य सेकंद, आणि पुढचं सिनेमातलं गाणं सुरू व्हायचं.

“ऋचा, तू इलेक्ट्रॉनिक्सवाली ना?” बबिता म्हणाली. “मंग कर काहीतरी.”

आम्ही दोघी बारावीपर्यंत पुसदला एका वर्गात होतो. मी त्याच गावातली, माझ्या घरी तीन पिढ्या कचेरीत नोकऱ्या केलेल्या. ढावलो म्हणजे काय हे मला तिनंच सांगितलं. सासरी निघताना बंजारा नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत म्हणते ते गाणं. ते नवरीला आलंच पाहिजे. आधी म्हाताऱ्या बाया शिकवत बसायच्या. सुखीबाईंचा ढावलो आसपासच्या पाच तांड्यांत नावाजलेला, पण घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. आता त्या कुजबुजल्यासारखं बोलत. बबिताच्या आईला, मानीबाईंना, अर्धाच येत होता. ऑपरेशनच्या आधी काकांनी फोनवर दादीचा पूर्ण ढावलो रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर घेतला होता. फोन पुढं फवारणीच्या ड्रममध्ये पडला. पाहुण्यांनी भरलेल्या घरात रडायचा सराव करायचा तर सगळे हसणार, म्हणून बबिताला तो गाडीत हवा होता, काचा वर करून.

मी क्रमानं पाहिलं. दुसरी गाणी वाजतात, म्हणजे पेनड्राइव्ह ठीक, सॉकेट ठीक. नाव बदलून पाहिलं, फरक नाही. मग उरला फाइलचा प्रकार. फोननं आवाज ज्या पद्धतीनं साठवला होता, ती या गाडीला कळत नव्हती. इतकंच होतं. पेनड्राइव्ह घरी नेला आणि फाइल एमपीथ्री केली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण रेकॉर्डिंगमध्ये शेळ्या होत्या, पंखा होता, आणि ओळी-ओळींमध्ये लांबच लांब मोकळ्या जागा होत्या. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच शिकवलेलं, की हवा तो संकेत ठेवायचा, नको तो गोंगाट काढायचा. सॉफ्टवेअरला मी एक मर्यादा दिली. दोन ओळींच्या मध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त जे काही असेल, ते काप. सतरा मिनिटांची फाइल सहा मिनिटांवर आली. ऐकताना आवाज स्वच्छ वाटला. गाडीच्या यादीत ते मेलेलं नाव पुन्हा दिसू नये म्हणून गाडीतून आधीच काढलेली जुनी फाइल पेनड्राइव्हवरूनही पुसून टाकली आणि पेनड्राइव्हवर नवी फाइल उतरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्याबाहेर लिंबाखाली गाडी उभी होती. पुढं काका आणि सुखीबाई, मागं आम्ही दोघी. कॉपीची निळी पट्टी शेवटापर्यंत गेली आणि गाणं लागलं.

“वा रे सायंटिस्ट!” काका म्हणाले.

बबिता सोबत म्हणू लागली. दुसऱ्या ओळीला ती मागं पडली, चौथीला धाप लागली. “दादी, इतकं भरभर म्हनत होती का तू?”

सुखीबाईंनी मान हलवली. “हे मी नोय,” त्या कुजबुजल्या.

“दादी, आवाज तुमचाच आहे,” मी म्हणाले. “मी फक्त मधलं काढलं.”

“मधलं काय?”

मला उत्तर देता देताच कळलं. “श्वास… आणि हुंदके.”

काका वळून माझ्याकडं पाहत राहिले. “रडन्याच्या गान्यातलं रडनंच काढलं काहून वो मॅडम?” ते हसले, पण बबिता हसली नाही.

“जुनं हाय ना तुह्याकडं?” तिनं मला विचारलं.

“नाही. पुसलं.”

ती खिडकीबाहेर पाहू लागली. परवा सगळ्या तांड्यासमोर तिला उभं राहायचं होतं. मी कापलेली अकरा मिनिटं पुन्हा भरायचे मार्ग मनात शोधत होते. सारख्या लांबीची शांतता घालता येईल, तीन सेकंद, चार सेकंद. पण कुठं किती, हे मला माहीत नव्हतं.

सुखीबाईंनी स्क्रीनकडं बोट केलं. “हे थांबवाचं कुठून?”

मी दोन उभ्या रेघा दाखवल्या. पुन्हा दाबलं की सुरू. गाणं पहिल्यापासून लावलं.

पहिली ओळ संपली आणि त्यांनी बोट दाबलं. गाणं थांबलं. त्यांचे खांदे हलले. हुंदका होता, त्याला आवाज नव्हता. बबितानं श्वास घेतला आणि ओळ म्हटली. दादीनं पुन्हा बोट दाबलं, दुसरी ओळ आली. मी सवयीनं मोजत होते. पहिलं थांबणं चार सेकंदांचं, दुसरं नऊ, भावाचं नाव येतं त्या ओळीनंतर चौदा. आकड्यांत काही नियम सापडेना.

“दादी, किती थांबायचं ते कसं ठरवता?”

“ठरवाले काय हाय? हिच्याकडं पाहून राह्यली ना मी.”

“मग रेकॉर्डिंगमध्ये? तेव्हा तर समोर फोन होता.”

“तवा मले मही बहीन दिसून राह्यलती.”

म्हणजे मी कापलं ते त्यांच्या बहिणीसाठीचं थांबणं होतं. ते असतं तरी बबिताला मापात बसलं नसतं, किंवा बसलंही असतं; हे आता तपासता येणार नव्हतं.

सातव्या ओळीनंतर सुखीबाईंनी गाणं थांबवलं आणि हात मांडीवर ठेवला. बबिता वाट पाहत होती. हात उचलला जाईना. मग ती मागच्या सीटवरून पुढं वाकली, दादीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि अजून न वाजलेली आठवी ओळ अडखळत म्हणू लागली. मध्येच थांबली, रडली, पुढं गेली.

काका टायर पाहतो म्हणून खाली उतरले. चारही टायर ठीक होते. ते चौथ्यापाशी बराच वेळ बसून राहिले.