सात ओळी आणि एक सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्या की-बोर्डवरची निम्मी अक्षरे बोटांखाली झिजून गेली आहेत, आणि माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या टेबलावरची माणसे दचकून बघतात. कार्यालयात मला सगळे 'आजोबा' म्हणतात. आजोबा म्हटले की लोकांना वाटते, हा आता गोड गोष्ट सांगणार. माझी गोष्ट गोड नाही. पण ती सांगितल्याशिवाय मला इथून जायचे नाही, म्हणून थोडा वेळ ऐका.

माझे सुटे भाग कुठल्या कारखान्यात जुळवले ते मला आठवत नाही. मला जाग आली ती या आरोग्य भांडाराच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी. खाली गोदाम होते. घरीच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी तिथून औषधे, चाकांच्या खुर्च्या आणि प्राणवायूचे सिलिंडर जात. कोणाच्या घरी काय पोचवायचे, ती यादी माझ्या पोटात असे.

मला कामाला लावले ते इथल्या जुन्या लिपिकाने. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ पडद्यावरच्या चित्रांवर टिचक्या मारत बसत नसत. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, की मी निघालो. यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर मला ते आपोआप कळत नाही. आधी सगळ्या ओळी क्रमाने लावाव्या लागतात, म्हणजे सारख्या ओळी शेजारी शेजारी येतात. मग मी शेजारणींची तोंडे न्याहाळतो, सारख्यांतली एक ठेवतो आणि बाकीच्या गाळतो. चार लाख ओळी असल्या तरी चहा निवायच्या आत काम फत्ते! साहेब माझ्या डोक्यावर थाप मारत आणि मी फुगून जाई.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची ताईंना मिळाली. ताई हुशार, मनाने चांगल्या, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. जाता जाता भाऊंनी त्यांना बजावले, "ताई, तीन गोष्टी लक्षात ठेवा. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, गाळलेली यादी वेगळ्या नावानं ठेवायची. ओळी आधी मोजायच्या आणि नंतरही मोजायच्या. आणि जे गाळलं गेलं, ते एकदा डोळ्यांखालून घालायचं."

"गेलेलं कशाला बघायचं, भाऊ? राहिलंय ते बघावं ना!"

"राहिलेली माणसं दिसतातच हो," भाऊ म्हणाले आणि पिशवी उचलून जिना उतरले.

पुढे एका वर्षी सिलिंडरची फार टंचाई झाली. प्रत्येक दवाखाना दर महिन्याला आपली यादी पाठवी, आणि त्या सगळ्या एकाखाली एक चिकटवून माझ्याकडे चार लाख बारा हजार ओळी साठल्या होत्या. त्यामुळे एका घरी दोन-दोन सिलिंडर जात आणि दुसऱ्या घरी ठणठणाट. एका सोमवारी साहेब वैतागून आले. "ताई, दुपारी गाड्या निघणार. तोवर मला एका माणसाची एकच ओळ पाहिजे. कशी करायची ते तुम्ही बघा."

ताईंनी आधी साधा हुकूम दिला. अख्खी ओळ तंतोतंत सारखी असेल तरच मी ती गाळली. पण तेवढ्याने भागेना. एकाच माणसाच्या नावापुढे कुठे टिंब होते, कुठे जास्तीची मोकळी जागा, तर कुठे घराचा क्रमांक पत्त्याच्या शेवटी. माझ्या लेखी ती तीन माणसे. माझी नजर बारीक आहे मित्रांनो, पण अक्कल बेताचीच.

घड्याळ पुढे सरकत होते. ताईंनी पेन दाताखाली धरले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. नाव लिहिताना चुकते, पत्ता चुकतो, पण फोन नंबर? तो ज्याचा त्याचाच! त्यांनी हुकूम टाइप केला. फक्त पाचवा रकाना बघ. फोन नंबर सारखा असेल तर पहिली ओळ ठेव, बाकीच्या गाळ.

मी गाळल्या. चार लाख बारा हजारांच्या एक लाख अठरा हजार झाल्या. ताईंनी टाळी वाजवली. "आजोबा, जिंकलं आपण!" मूळ फाइल त्यांनी जपली होती, ओळीही मोजल्या होत्या. तिसरे काम तेवढे राहिले, कारण खाली गाड्यांची इंजिने सुरू होती आणि एक चालक हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. गाळलेल्या ओळी मला ठाऊक होत्या. कोणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे खरे. तरी त्या दिवसाचा विचार केला की ही सबब मला तोकडी वाटते.

बुधवारी सकाळी एक सिस्टर धापा टाकत जिना चढून आल्या. दगडखाणीच्या जुन्या वस्तीत त्या घरोघर फिरून रुग्ण बघत. तिथल्या म्हाताऱ्या कामगारांच्या छातीत आयुष्यभराची दगडाची धूळ बसलेली.

"तुमचा फोन लागेना म्हणून दोन बस बदलून आले," त्या म्हणाल्या. "माझ्या वस्तीत सात सिलिंडर यायचे असतात. सोमवारी एकच आला. सुरुंगमास्तरांच्या नावाचा."

"बाकी सहाजणांचे फोन नंबर काय आहेत?" ताईंनी विचारले.

"त्यांच्याकडे कुठले आलेत फोन? सातही जणांपुढे मी माझाच नंबर लिहिलाय."

ताईंची बोटे तिथेच थांबली.

"मग... मग चाललंय कसं त्यांचं?"

"सुरुंगमास्तरांनी सिलिंडर मधल्या घरात ठेवायला लावला. खाणीत सुरुंगाची वेळ धरायचे ना ते, ते जुनं घड्याळ अजून आहे. प्रत्येकाला अर्धा तास. स्वतःची पाळी मात्र पुढं ढकलतात. मी रागावले, तर म्हणाले, 'सिस्टर, नाव माझं असलं म्हणून हवा काय माझ्या एकट्याची?' ताई, आजच्या आज काहीतरी करा हो."

ताईंनी नव्या यादीत सिस्टरांचा नंबर शोधला. एक ओळ. मग मूळ फाइलीत शोधला. सात माणसे, एकाखाली एक. पहिली ओळ सुरुंगमास्तरांची होती, म्हणून तेवढी मी ठेवली होती. मग ताईंनी मला ते विचारले, जे सोमवारी विचारायचे राहून गेले होते. काय काय गाळलेस, दाखव. मी दाखवत गेलो. एका किराणा दुकानदाराच्या नंबरावर चौदा माणसे. एका घरमालकाच्या नंबरावर नऊ. एका शिक्षिकेच्या नंबरावर अख्खी गल्ली. "अगं बाई," एवढेच ताई म्हणाल्या, आणि पुढे किती वेळ तेच म्हणत राहिल्या.

सहा सिलिंडर घेऊन गाडी लगेच सुटली. सिस्टरही त्याच गाडीत बसल्या. इकडे ताई जेवायला उठल्या नाहीत. नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून त्यांनी संशयाची एकेक ओळ डोळ्यांनी तपासली आणि माणसे परत यादीत घेतली. साहेबही शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मोठ्याने नावे वाचू लागले. बाकी ठिकाणी वेळेत गाड्या पोचल्या.

गुरुवारी सिस्टर पुन्हा आल्या. या वेळी जिना सावकाश चढून. त्यांनी टेबलावर एक छापील अर्ज ठेवला. सुरुंगमास्तरांचे नाव कमी करण्याचा.

"गाडी वस्तीत शिरत होती," त्या म्हणाल्या. "घड्याळ हातातच होतं त्यांच्या."

ताई ढसाढसा रडल्या. सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तुमची चूक नाही असे काही त्या म्हणाल्या नाहीत. मी अख्ख्या यादीतून सातांपैकी नेमके त्यांनाच ठेवले होते, मित्रांनो, आणि त्यांनाच हवा पुरली नाही. चार लाख ओळींचे काम मी चहा निवायच्या आत उरकले होते. ती एक ओळ पुसायला ताईंची सारी दुपार गेली. तीनदा त्यांनी बोट ठेवले आणि तीनदा उचलले. शेवटी डोळे मिटून कळ दाबली.

त्याच संध्याकाळी त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवली. 'आधी गेलेले दाखव.' पुढची अकरा वर्षे त्यांनी एकही यादी त्याशिवाय खाली पाठवली नाही. गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

आता नवा संगणक आला आहे. तो माझ्याहून कितीतरी चपळ आहे, पण त्यालाही विचारल्याशिवाय बोलता येत नाही. उद्या मला भंगारात नेणार आहेत. न्या, माझी तक्रार नाही. फक्त माझ्या कडेची ती चिठ्ठी अलगद काढा, फाडू नका, आणि त्याच्या पडद्याला चिकटवा. डिंक सुकला असेल, तेवढा नवा लावा.